ओव्हाळसाहेबांचा धुतलेला फिल्टर

सीताराम ओव्हाळांनी चौतीस वर्षं एका सरकारी कारखान्याच्या स्टोअरमध्ये काढली आणि त्या चौतीस वर्षांत एकाही माणसाला एकही वस्तू सुखासुखी मिळू दिली नाही. जुनं आणून दाखवल्याशिवाय नवं द्यायचं नाही, हा कारखान्याचा नियम होता. जुनं खरोखर मेलंय की नुसतं सोंग करतंय हे तपासायचं, हा नियम मात्र ओव्हाळसाहेबांचा स्वतःचा. फाटका हातमोजा घेऊन कुणी आलं तर ते चष्मा कपाळावर चढवून विचारायचे, "दुसऱ्या हाताचा कुठाय? तो धडका असेल तर अर्धाच मोजा मिळेल." कामगार त्यांच्या माघारी काय म्हणायचे ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण निवृत्तीच्या दिवशी साठा आणि रजिस्टर यांत एका खिळ्याचाही फरक निघाला नाही, आणि हार घालताना मोठ्या साहेबांनी जाहीर सांगितलं की ओव्हाळांच्या हातून चूक झाल्याची नोंद कारखान्यात नाही. ते वाक्य ओव्हाळांनी मनात जपून ठेवलं. लेखी मिळालं असतं तर फ्रेम करून भिंतीवर लावलं असतं.

निवृत्त झाल्यावर लोक बुद्धगयेला जाऊन येतात, नाहीतर गुडघ्यांची दुखणी काढून बसतात. ओव्हाळांनी ट्रक घेतला. जुना, सहाचाकी, दोन मालकांच्या हातचा मार खाल्लेला. त्या वर्षांत खराडीच्या शेतांत रोज सकाळी एक नवी काचेची इमारत उगवलेली दिसायची आणि तिच्यासाठी फरशा, दारं, टेबलं, खुर्च्या कुणीतरी वाहून न्यायलाच लागायच्या. त्यातल्याच एका इमारतीत त्यांचा मुलगा धम्मदीप कॉम्प्युटरसमोर बसून काहीतरी करायचा. काय करतो ते त्याने वडिलांना चारदा समजावून सांगितलं होतं आणि वडिलांनी चारही वेळा "अस्सं" म्हटलं होतं.

ट्रकवर ड्रायव्हर म्हणून शंभू होता, यवतमाळकडचा. माणूस लाख मोलाचा, पण बिबवेवाडीतल्या ओव्हाळांच्या दुसऱ्या मजल्यावरच्या ब्लॉकमध्ये काय चालतं हे त्याला पहिल्या महिन्यातच कळून चुकलं. गॅलरीत एक लोखंडी कपाट होतं. त्यावर ओव्हाळांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात 'भांडार' असं लिहिलं होतं. पंख्याचा पट्टा हवा असला तरी शंभूला आधी तुटलेला पट्टा आणायला लागायचा, मग कागदावर मागणी लिहायला लागायची, मग तासभर थांबायला लागायचं. "साहेब, माया गावाकडं जमिनीचा सातबारा याच्यापेक्षा लवकर भेटते जी," असं तो एकदा म्हणाला, तेव्हा ओव्हाळांना तो आपल्या पद्धतीचा गौरव वाटला.

आता थोडं डिझेलच्या गाडीचं सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं रामायण कळायचं नाही. इंजिनात डिझेल सोडतं ते नोझल. त्याच्या टोकाला सुईच्या अग्राहून बारीक भोकं असतात. त्यांतून डिझेल धुक्यासारखं उडालं की इंजिन खूश असतं, आणि थेंब थेंब गळायला लागलं की गाडी धूर ओकते, गचके खाते आणि चढावर हात टेकते. या भोकांपर्यंत कचरा पोचू नये म्हणून आधी फिल्टर असतो. ओव्हाळांच्या ट्रकला दोन फिल्टर होते. एक कापडी, तो धुऊन पुन्हा लावायचा. दुसरा कागदी, तो काढून फेकून द्यायचा. ओव्हाळांनी ट्रकची पुस्तिका पहिल्याच आठवड्यात अथपासून इतिपर्यंत वाचली आणि 'फेकून द्यावा' या शब्दांपाशी ते थबकले. असं वाक्य सरकारी छापखान्यात छापलंच गेलं नसतं, असं त्यांचं ठाम मत पडलं.

मग दर महिन्याच्या पहिल्या रविवारी गॅलरीत एक विधी सुरू झाला. परातीत रॉकेल ओतायचं, जुना टूथब्रश घ्यायचा आणि कागदी फिल्टरची एकेक घडी उलगडून घासायची. घासून झालं की तो चिमट्याने दोरीवर टांगायचा आणि वाळला की ज्या खोक्यातून आला त्याच खोक्यात परत घालून कपाटात ठेवायचा. शंभूने जुना आणला की त्याला हा द्यायचा. असे अकरा फिल्टर आळीपाळीने फिरत होते. यात फसवणूक होती म्हणाल, तर तसं त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. कपाटात आलेली वस्तू चांगली म्हणूनच आली, हा त्यांचा धर्म होता. ती नवी आहे असं ते कधी म्हणाले नाहीत. कुणी विचारलंही नाही.

"अहो," त्यांच्या पत्नी कांताबाई म्हणायच्या, "चादरींना रॉकेलचा वास येतोय. निजलेल्या माणसाला पेटवायचा विचार आहे का?"

"जपलं की टिकतं," ओव्हाळ म्हणायचे.

"मीही तशीच टिकलेय," कांताबाई म्हणायच्या आणि चादर पुन्हा धुवायला टाकायच्या.

ट्रकने पहिला गचका खाल्ला तो जूनमध्ये. शंभूने गाडी सरळ सोनबाकडे नेली. मार्केट यार्डाच्या मागच्या अंगाला पत्र्याच्या शेडमध्ये सोनबा तीस वर्षं नोझलचं आणि पंपाचं काम करत होता. फुरसुंगीचा माणूस, अंगाने काटकुळा, बोलायला कमी. त्याच्याकडे नोझल तपासायचं हाताने दाबायचं यंत्र होतं. नोझल त्यावर चढवायचं, दांडा दाबायचा आणि फवारा बघायचा. लोक फवारा बघायचे, सोनबा तो ऐकायचा. नोझल बरोबर असलं की बारीक 'कुर्र' असा आवाज येतो, आणि त्या आवाजावरून तो सांगायचा की गाडी कुठल्या घाटात कुठल्या वळणावर दमेल. यार्डातले ड्रायव्हर त्याला डॉक्टर म्हणायचे. ओव्हाळ रोज चार वाजता त्याच्याकडे चहाला जायचे, कारण आपल्यासारखा नीट काम करणारा पुण्यात तोच एक उरलाय असं त्यांना वाटायचं. हे त्यांनी सोनबाला कधी सांगितलं मात्र नव्हतं.

"फिल्टर नवा हाय का?" सोनबाने पहिलाच प्रश्न विचारला.

"नवाच आहे ना जी," शंभू म्हणाला. "म्या माया हातानं खोका खोलला."

ओव्हाळ तिथेच उभे होते. त्यांनी मान डोलावली. फिल्टर भांडारातून आलेला होता, म्हणजे तो विषय संपला होता.

सोनबाने सहाही नोझल काढली, घासली, पुसली, कुर्र ऐकलं आणि बसवून दिली. ट्रक तीन आठवडे चालला आणि पुन्हा गचके खायला लागला. सोनबाने पुन्हा सगळं केलं आणि या खेपेला मजुरी घेतली नाही. पुन्हा तीन आठवडे गेले. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा तो प्रकार चालला होता, आणि रामेश्वर कुठे आहे हे ज्याला ठाऊक होतं त्याला आपल्याला ते ठाऊक आहे याचा पत्ता नव्हता.

तिसऱ्या वेळी मात्र हसं झालं. धम्मदीपच्या कंपनीत नवी एकशेवीस पोरं कामावर रुजू व्हायची होती. त्यांच्यासाठी एकशेवीस खुर्च्या बिबवेवाडीतल्या गोदामातून खराडीला पोचवायच्या होत्या. धम्मदीपने शब्द टाकून हे काम वडिलांना मिळवून दिलं होतं. खुर्च्या गोल फिरणाऱ्या, खाली चाकांच्या, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या. ओव्हाळ स्वतः मोजणी करून शंभूच्या शेजारी बसले. हडपसरच्या पुलाचा चढ अर्धा चढून झाला आणि ट्रकने काळा धूर सोडला, तीन उचक्या दिल्या आणि तो निवांत झाला.

मागे कंपन्यांच्या बसगाड्यांची रांग लागली. शंभूने बॉनेट उघडून हातपंपाने डिझेल ओढून पाहिलं, हवा काढून पाहिली, शिव्याही देऊन पाहिल्या. मग कुणीतरी सल्ला दिला की वजन कमी करा म्हणजे ढकलता येईल. पुण्यात सल्ला द्यायला माणूस कमी पडत नाही. चाळीस खुर्च्या खाली उतरवल्या. चढावर उतरवल्या. चाकांच्या होत्या.

पहिली खुर्ची निघाली तेव्हा ती शांतपणे, गिरक्या घेत, एखाद्या पाहुण्यासारखी चालली. तिच्यामागे बाकीच्या निघाल्या. त्यांच्यामागे ओव्हाळ निघाले, एका हातात कागद आणि दुसऱ्या हातात चप्पल घेऊन, "एकतीस! बत्तीस!" असं ओरडत. बसमधली पोरं खिडक्यांतून मोबाइलवर फोटो काढत होती. तेवढ्यात फोन वाजला.

"बाबा, where are you? इथं सगळे लोक उभे आहेत. HRवाली भाषण देतेय आणि पोरं भिंतीला टेकलीत. My manager is asking me!"

"खुर्च्या येताहेत," ओव्हाळ धापा टाकत म्हणाले, आणि ते खोटं नव्हतं. फक्त दिशा उलटी होती.

एकशेवीसपैकी एकशेएकोणीस मिळाल्या. एकशेविसावी शोधायला अर्धा तास गेला. पुलाच्या पायथ्याशी वाहतूक पोलीस तिच्यावर बसून, पाय लांब करून, रहदारीला दिशा दाखवत होता. ट्रक दुसऱ्या ट्रकला बांधून दुपारी खराडीला पोचला. धम्मदीप खाली आला, पण वडिलांकडे न बघता खुर्च्या मोजून वर निघून गेला. त्या कंपनीचं काम पुन्हा मिळालं नाही.

त्या संध्याकाळी ओव्हाळांच्या अंगाची लाहीलाही झाली होती. यार्डाच्या गेटावर चहाची टपरी होती, आणि तिथे वीसएक ड्रायव्हर बसलेले होते. त्यांच्यासमोर उभं राहून ओव्हाळांनी, चौतीस वर्षं कमावलेल्या आवाजात, निकाल दिला.

"सोनबाचा हात गेला. कंडेम झाला तो."

दुसऱ्या कुणी हे म्हटलं असतं तर लोकांनी चहाबरोबर गिळून टाकलं असतं. पण ज्या माणसाने अर्धा हातमोजा कंडेम केला नव्हता त्याने आख्खा मिस्त्री कंडेम केला, म्हणजे काहीतरी असणारच. आठ दिवसांत शेडपुढे लागणारी रांग निम्मी झाली. महिन्याभरात शेडपुढे कुत्रं झोपायला लागलं, कारण आता तिथे त्याला कुणी उठवत नव्हतं.

सोनबा भांडला नाही, आणि त्यानेच सगळं अवघड होऊन बसलं. त्याने आधी चष्म्याचा नंबर बदलून घेतला. मग डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेला, मग कानाच्या. शेवटी त्याने शंभूबरोबर निरोप पाठवला की साहेबांना म्हणावं, गाडी एकदा फुकट बघतो, माझ्या मनाच्या समाधानासाठी. ओव्हाळ गेले. चार वाजले होते, पण चहाचं कुणी काढलं नाही.

सोनबाने या वेळी नोझलला हात लावला नाही. फिल्टरकडून पंपाकडे येणारी नळी सोडवली आणि पंपाच्या तोंडाशी असलेली बारीक जाळी चिमट्याने बाहेर काढली. मग ती भिंगाखाली धरून तो बराच वेळ बघत बसला.

"साहेब, तुमी बघा. माजा आता डोळ्यांवर भरवसा न्हाई. मला हितं हिरवा केस दिसतुया."

ओव्हाळांनी भिंगाला डोळा लावला. कागदाचा मऊ भुगा होता, आणि त्याच्यात एक ताठ, हिरवागार, नखाएवढा केस अडकलेला होता.

"कुठल्या जनावराचा आसंल वो ह्यो?" सोनबा म्हणाला. "आन हे तंतू माज्याच फडक्याचं आसणार. मीच पुसताना सोडलं आसतील. तुमी बोलला ते खरं हाय साहेब. हात गेला. महिनाअखेरीला भंगारवाल्याला बोलवतो आन गावाकडं जातो."

ओव्हाळ भिंग ठेवून उठले. त्यांना तो केस ओळखू आला होता. तो जनावराचा नव्हता. कांताबाईंच्या मागच्या वर्षीच्या टूथब्रशचा होता.

घरी येऊन त्यांनी कपाट उघडलं, एक फिल्टर खोक्यातून काढला आणि त्याच्या पोटात विजेरी धरली. कागदातून उजेड नुसता झिरपायला हवा होता. तो जागोजाग भोकांतून बाहेर येऊन गॅलरीच्या छतावर ठिपके पाडत होता. दुसरा काढला, तोही तसाच. अकराही तसेच. महिनोन्महिने ते फिल्टर धूत नव्हते, त्यांची चाळणी करत होते, आणि वर ब्रशचे केसही आत सोडत होते. ओव्हाळ परातीजवळ मटकन खाली बसले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना आपल्या हस्ताक्षरातल्या 'भांडार' या शब्दाची लाज वाटली.

लाज वाटली म्हणून माणूस लगेच शहाणा होतो असं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी गुपचूप बाजारातून नवा फिल्टर आणला, टाकी धुऊन घेतली आणि नोझल लांब चिंचवडला पाठवून साफ करून घेतली. ट्रक पाखरासारखा चालायला लागला. कात्रजचा घाट तर असा चढला की शंभूने स्टिअरिंगला नमस्कार केला. ओव्हाळांनी मनाशी ठरवलं, झालं ते झालं, चूक दुरुस्त झाली, आता चर्चा कशाला.

"कुठली दुरुस्त झाली?" कांताबाईंनी भाकरी थापता थापता विचारलं. त्यांना सगळं माहीत होतं. स्वतःचा टूथब्रश बायकोला ओळखू येतो. "ट्रकची झाली. त्या सोनबाची कुठं झाली?"

"त्याला आता पुन्हा सांगून..."

"तुम्हाला बोलायला वीस माणसं लागली होती, गप्प बसायला एकटे पुरे झालात होय? पानावर बसा. गार होतंय."

ओव्हाळ पानावर बसले. त्यांना भीती वाटत होती, आणि ती भीती ट्रकची नव्हती, कामं जाण्याचीही नव्हती. त्यांच्याकडे आयुष्यभराची म्हणून एकच कमाई होती, की यांच्या हातून चूक झाल्याची नोंद नाही. ती स्वतःच्या तोंडाने पुसायची होती, आणि तीही ज्या ड्रायव्हरांना त्यांनी कधी फडकंसुद्धा उसनं दिलं नव्हतं त्यांच्यासमोर.

महिनाअखेरीला सकाळी शंभू वर आला. "साहेब, मिस्त्रीच्या शेडात भंगारवाला काटा घेऊन आला जी. ते फवाऱ्याचं यंत्र मोजून राहिला."

ओव्हाळ ताडकन उठले. त्यांनी अकरा खोकी पिशवीत कोंबली, परातीतला टूथब्रश खिशात घातला आणि घरच्या लेंग्यावरच जिना उतरले. ट्रकमध्ये बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं की चष्मा घरीच राहिला. "राहू दे," ते शंभूला म्हणाले. "आज बघायचं काही नाही."

शेडमध्ये यंत्र काट्यावर चढलेलं होतं. भंगारवाला वजन सांगत होता आणि सोनबा मान हलवत होता.

"उतरवा ते," ओव्हाळ म्हणाले.

"साहेब, सौदा झालाय."

"उतरवा म्हणतो ना! सोनबा, फिल्टर नवे नव्हते." त्यांनी पिशवी बाकावर उपडी केली. "एकही नवा नव्हता. मी धूत होतो. रॉकेलात, या ब्रशनं. धुऊन खोक्यात घालून शंभूला देत होतो. तुम्ही पहिल्याच दिवशी बरोबर विचारलंत आणि मी शेजारी उभा राहून मान डोलावली. तो हिरवा केस माझ्या बायकोच्या ब्रशचा."

सोनबाने एक खोकं उघडलं. फिल्टर उजेडाकडे धरला आणि आरपार पाहिलं. मग दुसरा पाहिला. असे अकराही पाहून झाले. दारात शंभू तोंडाचा आ करून उभा होता. त्याला पहिल्यांदाच कळत होतं की वर्षभर आपण कसली खोकी खोलत होतो.

"मी कानाच्या डाक्टरकडं गेलो साहेब," सोनबा म्हणाला. "त्यो म्हनला कान चांगलं हायती. मला खरं वाटंना. रातच्याला उठून यंत्र दाबून ऐकायचो. कुर्र यायचं, आन मला वाटायचं ह्ये बी खोटंच आसणार."

ओव्हाळांना वाटलं होतं तो शिव्या देईल. त्यांनी शिव्यांची तयारी ठेवली होती. याची ठेवली नव्हती. त्यांचे डोळे भरून आले आणि ते पुसायला पंपाचं तेलकट फडकं हाताशी आलं, तेच त्यांनी तोंडावरून फिरवलं.

"म्हंजी माजं हात चांगलं हायती?" सोनबाने विचारलं.

"चांगले आहेत."

"हितं नगा सांगू. हितं मी एकटाच हाय." सोनबाने गेटाकडे बोट दाखवलं. "तिकडं बोलला व्हता, तिकडं बोला."

ते गेले. पुढे ओव्हाळ, लेंग्यावर, तोंडाला तेल फासलेलं. मागे सोनबा, त्यामागे शंभू, आणि आता फुकटचा तमाशा सोडायचा कशाला म्हणून भंगारवालाही. टपरीवर नेहमीची गर्दी होती. ओव्हाळांनी घसा साफ केला आणि सगळं सांगितलं. रॉकेल सांगितलं, ब्रश सांगितला, दोरीवरचे चिमटे सांगितले. आधी एक ड्रायव्हर हसला, मग सगळी टपरी हसायला लागली. कुणीतरी ओरडलं, "साहेब, पावडर पण लावत होता का?" चहावाल्याच्या हातून गाळणं सुटून दुधात पडलं. ओव्हाळ तसेच उभे राहिले. आपण इतके हास्यास्पद दिसू शकतो याची त्यांना आजवर कल्पना नव्हती, आणि गंमत म्हणजे त्याने मरणबिरण काही येत नव्हतं.

सोनबा हसत नव्हता. तो गर्दीच्या कडेला आपले दोन्ही तळवे समोर धरून उभा होता आणि ते उलटसुलट करून बघत होता.

"चूक माझी होती," ओव्हाळ शेवटी म्हणाले. "सोनबाचे हात चांगले आहेत."

"ऐकू न्हाई आलं," सोनबा म्हणाला.

त्याचे कान चांगले होते, डॉक्टरने तसं सांगितलं होतं. पण ओव्हाळांनी वाद घातला नाही. बाकावर चढून, हसणाऱ्या सगळ्यांच्या वरताण आवाज काढून त्यांनी ते पुन्हा सांगितलं. मग सोनबाकडे पाहिलं. तो खाली मान घालून डोळे पुसत होता, म्हणून त्यांनी ते तिसऱ्यांदा सांगितलं.